कोणत्या इयत्तेला कोणती शाळा?

(ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एके काळी मुंबईची आगबोट धरमतरच्या बंदराला लागत असे. या खाडीकाठची कितीतरी माणसे पोटासाठी त्या वाटेने मुंबईला गेली. आज त्यांची मुले-नातवंडे देणगी घेऊन गावी आली, आणि मंदिराचे काम तडीस गेले. अशा प्रसंगी मांडवात बसल्या बसल्या जी बोलणी निघतात, त्यांत एक प्रश्न घरोघरचा असतो. पोराला गावच्या शाळेत घालावे, की फी भरून खासगी शाळेत?

हा प्रश्न एक दिसतो, पण आहेत तीन. पहिलीत जाणाऱ्या मुलाचा वेगळा, आठवीतल्या मुलीचा वेगळा आणि बारावी झालेल्या तरुणाचा वेगळा. तिघांना एकच उत्तर देणारा घरधनी कुठेतरी फसतो.

शिक्षणाचे मोल या मुलखाला कुणी नव्याने सांगायला नको. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. तो १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चालला. आपण कोणत्या कागदावर अंगठा उठवतो आहोत, हे त्या काळच्या पुष्कळ कुळांना वाचता येत नव्हते. त्याआधी १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते. महसूल भरतो शेतकरी, आणि सरकारचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे. म्हणून प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, आणि सरकारने शिक्षणातून अंग काढून घेऊ नये, असे त्यांचे सांगणे होते. गावातली आजची शाळा अशा मागण्यांतून आलेली आहे. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. १९८१ पासून ते रायगड झाले.

आता पहिली पायरी, प्राथमिक शाळेची. खासगी इंग्रजी शाळेकडे ओढ घेणाऱ्या आईबापांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कारखान्याच्या फाटकावर नोकरीसाठी उभे राहिल्यावर इंग्रजीवाचून आपले अडते, हे त्यांनी स्वतः भोगले आहे. गावच्या शाळेतही उणिवा आहेत. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोघांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, आणि वर निवडणुकीची व जनगणनेची कामे करायची.

पण दुसरी बाजूही पाहावी. खाडीकाठचे मूल घरी आगरी बोली बोलते. तेथून पुस्तकातल्या मराठीकडे जायला एक पाऊल लागते. एकदम इंग्रजीकडे जायला मोठी उडी लागते. घरात कुणी अभ्यास घेणारे नसेल, तर मूल धडा घडाघडा म्हणते, पण त्याला अर्थ विचारला की गप्प बसते. मग शाळेची फी, गाडीची फी आणि शिकवणीची फी अशा तीन फिया सुरू होतात. जिल्हा परिषदेच्या काही शाळांत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याची सोय झाली आहे. तिची चौकशी आधी करावी.

२०१० साली अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतही प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारा नियम राज्य सरकारने २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द ठरवला. ही सवलत अवश्य घ्यावी, पण ती आठवीपर्यंतच आहे हे विसरू नये. नववीपासूनची फी कोठून भरणार, याचा हिशेब पहिलीलाच करावा.

याच कायद्याने गावच्या शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. खासगी विनाअनुदानित शाळेत बाप पैसे भरून पावती घेतो. समितीत पालकांना बसवण्याचे असे बंधन त्या शाळेवर नाही. गावच्या शाळेत त्याला बसायला हक्काची खुर्ची आहे, आणि ती बहुधा रिकामी असते. मास्तर वेळेवर येतात का, चौथीच्या मुलाला भागाकार येतो का, हे विचारणारे गाव असेल तर शाळा सुधारते. जी चार घरे असे विचारू शकतात, नेमकी तीच मुले काढून नेतात. मग पट घसरतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, हा प्रश्न २०२२-२३ साली राज्यभर गाजला. शाळा एकदा बंद झाली, तर ज्याच्याकडे गाडीचे भाडे नाही त्याच्या लेकराने जायचे कुठे? म्हणून प्राथमिकपुरते तरी गावाने आपल्या शाळेला धरून राहावे.

दुसरी पायरी माध्यमिक शाळेची. येथे सरकारी आणि खासगी अशी सरळ वाटणीच राहत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी खेडोपाडी हायस्कुले नेली. संस्था खासगी, शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून, आणि इमारतीला हातभार गावाचा. बहुजनांची मुले मॅट्रिक झाली ती मुख्यतः अशाच शाळांतून. आजही आठवीतले हुशार मूल अनुदानित वा जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तर त्याला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता येते. ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये येतात. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ही परीक्षा देता येत नाही. पाचवीतून निजामपूरच्या नवोदय विद्यालयाची परीक्षा देण्याची वाटही खुली आहे. या वयात शाळा निवडताना गणित-विज्ञानाचे शिक्षक कायमचे आहेत का, प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का, एवढे पाहावे. आणि मुलगी असेल तर एसटीची वेळ पाहावी. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. गाडी नाही म्हणून तिचे शिक्षण सुटता कामा नये.

तिसरी पायरी बारावीनंतरची. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि ज्यांना पूर्वी जागाच नव्हती अशा पुष्कळांना ती मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण खरे कर्ज होते ते येथेच. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे; तेथे गुणांवर जागा मिळत असेल तर दुसरा विचार नको. न मिळाल्यास खासगी महाविद्यालयाची मान्यता, शिक्षक आणि तेथून बाहेर पडलेल्या मुलांच्या नोकऱ्या समक्ष जाऊन पाहाव्यात. आयटीआयचा चांगला फिटर नुसत्या पदवीच्या कागदापेक्षा बरा.

खाडीकाठच्या घरात जमिनीचा पैसा एकदाच येतो. तो बालवाडीच्या गणवेशात आणि गाडीभाड्यात संपवला, तर खरी गरज पडते त्या वर्षी पेटी रिकामी असते. प्राथमिकला गावची शाळा राखावी, माध्यमिकला अनुदानित शाळा पारखून घ्यावी आणि वाचलेला पैसा शेवटच्या पायरीसाठी ठेवावा.

देणगीदारांनाही एक विनंती आहे. खारबांधाला खांड पडली की, पाणी कुणाच्या शेतात शिरेल हे न पाहता सारे खातेदार धावत असत. शाळेचा घसरता पट ही तशीच खांड आहे. मंदिराचा जमाखर्च जसा पैशापैशाने गावापुढे ठेवला गेला, तशी वर्षातून एकदा याच मांडवात शाळेची हजेरी आणि मुलांचे वाचन गावापुढे यावे. त्याला खर्च लागत नाही, फक्त माणसे लागतात. ग्रामदेवता सर्वांना तशी बुद्धी देवो, हीच प्रार्थना.