होळीची हजेरी



आपल्या सोलापूरहून तुळजापूर, बीड, कन्नडचा घाट असा जो महामार्ग धुळ्याला जातो, त्याला पूर्वी 211 क्रमांक होता. 2001च्या पावसाळ्यात आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, एसटीत बसून त्या रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला गेलो. तिथून पुढं नंदुरबार, मग तळोदा, मग चांदसैलीचा घाट चढून धडगाव. धडगावहून जीप, आणि जीप थांबली की पायवाट. सोबत एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि सासूबाईंनी फडक्यात बांधून दिलेल्या कडक भाकरी नि शेंगाचटणी. त्या भाकरी महिनाभर पुरल्या. शेवटची आम्ही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली, तो दिवस मला अजून आठवतो.

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्याच्या अगदी उत्तरेला, सातपुड्यात, अक्राणी तालुका. त्यातल्या एका पाड्यावरची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आमच्या वाट्याला आली. तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन महिना 3000 रुपये. दोघांना एकच शाळा मिळाली, याचाच आनंद एवढा होता की गाव कुठं आहे, हे आम्ही नकाशात नंतर शोधलं.

पहिल्या दिवशी मी वर्गात उभी राहिले आणि मराठीत बोलायला लागले. मुलं नुसती बघत राहिली. त्यांच्या घरात पावरी बोली. पुस्तकाची मराठी त्यांना परकी होती. ती नजर मी ओळखली, कारण ती माझीच होती. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. शाळेत गेले तेव्हा मलाही मराठीचा शब्द येत नव्हता. आमच्या बाईंनी मला आधी तेलुगूत बोलू दिलं, हसल्या नाहीत, म्हणून मी आज तुमच्यापुढं बोलते आहे.

मग मी उलट केलं. तिसरीतली एक मुलगी माझी गुरू झाली. मी वस्तूवर बोट ठेवायचं, तिनं पावरी शब्द सांगायचा. मी चुकले की सगळा वर्ग हसायचा, आणि हसता हसता मुलांची भीती गेली. अननस कुणी पाहिला नव्हता, म्हणून आमचा 'अ' फळ्यावरून उतरला. 'म' मात्र मोहाचा झाला. मोहाची फुलं वेचायला ही मुलं पहाटे अंधारात जात. त्यांना ते झाड मी काय शिकवणार! टेंभुर्णीचं झाडही मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. आईच्या सुपातलं पान, ज्यावर आमचं घर चाललं, ते असं फांदीवर हिरवंगार असतं, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. मुलं मला 'तू' म्हणायची. सुरुवातीला दचकायला व्हायचं. पुढं सोलापुरात कुणी 'मॅडम, आपण' म्हणालं, की त्या 'तू'ची आठवण यायची.

आमचा दिवस पाण्यापासून सुरू व्हायचा. उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत खड्डा करायचा, पाणी झिरपेपर्यंत बसायचं आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. रोज तास-दीड तास जायचा. मला हे पहिल्यांदा ओझं वाटलं. पण त्या खड्ड्याशेजारीच बायका बोलायला लागल्या. कुणाची मुलगी धाकट्याला सांभाळते, कुणाची शेळ्यांमागं जाते, हे मला हजेरीपटानं कधी सांगितलं नसतं. मी म्हटलं, धाकट्याला घेऊनच ये. आली. चौथीच्या मागं तीन-चार बाळं रांगत असायची.

शेळ्यांमागं जाणाऱ्यांचं यांनी पाहिलं. डी.एड.ला आम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कोसबाडची कुरणशाळा शिकलो होतो. मुलं गुरांमागं जातात, तर शाळेनं कुरणात जावं. आम्हाला तो परीक्षेतला एक प्रश्न होता. तिथं ते रोजचं काम झालं. सकाळी हे खडू, पाट्या घेऊन टेकडीवर जायचे, मी शाळा उघडायची. दुपारी खिचडीच्या वेळेला शेळ्या, पोरं आणि गुरुजी एकत्रच खाली उतरायचे.

आपण उपवासाला खातो ती भगर तिथं रोजच्या जेवणात असते. एकादशीला शेजारीण भगर घेऊन आली, तेव्हा मी तिला म्हटलं, आज आमचा उपवास. तिनं विचारलं, मग जेवता कशाला? मला उत्तर देता आलं नाही.

रात्री दिवा, आणि सेलवरच्या रेडिओवर जळगाव आकाशवाणी. अंगणात माणसं येऊन बसत. कुणाला कागद वाचून हवा असे, कुणाला ताप असे. एकदा एका बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत नेलं, पुढचा खांदा यांचा होता. बाई आणि बाळ दोघंही वाचली. दुसऱ्या दिवशी शाळेत नवी पाच मुलं आली.

नवरा-बायकोला असं एका ठिकाणी नेमण्याला सरकारी भाषेत 'पती-पत्नी एकत्रीकरण' म्हणतात आणि ती नोकरदारांची सोय समजली जाते. माझं मत वेगळं आहे. ती सोय गावाची आहे. एकटा शिक्षक अशा ठिकाणी मुक्काम करू शकत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण जिथं चूल पेटते, तिथं शाळाही रात्री बंद होत नाही. दुर्गम भागातल्या शाळांवर जोडपी एकत्र नेमावीत आणि त्यांना राहायला नीट घर द्यावं, हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते, आजही सांगते.

एका गोष्टीपुढं मात्र आमचं काही चाललं नाही. दिवाळी झाली की घरांना काट्या लागायच्या. माणसं गुजरातेत ऊस तोडायला जायची, मुलं बरोबर. चाळीसच्या पटावर बारा-पंधरा उरायची. आपल्या जिल्ह्यात हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांवर झोपलेली लेकरं मी लहानपणापासून पाहिली होती. ती कुठल्या तरी शाळेच्या पटावर गैरहजर असतील, हे तोवर कधी मनात आलं नव्हतं.

ती परतायची होळीला. सातपुड्यात होळीला माणूस कुठंही असो, घरी येतो. रात्रभर ढोल, अंगावर राखेची नक्षी, कमरेला घुंगरू. त्या गर्दीत मी जाळाच्या उजेडात तोंडं ओळखत फिरायची. हा आला, ही आली, हिची उंची वाढली. एखादं घर आलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी.

आंतरजिल्हा बदलीनं आम्ही सोलापूरला आलो, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण होळीच्या रात्री फोन येतो. आमचाच एक विद्यार्थी रेंजसाठी टेकडी चढतो आणि खालचा ढोल ऐकवतो. आमचे हे तो फोन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवतात. मग तो नावं सांगायला लागतो, कोण परत आलं, कोण आलं नाही. मी पावरीत विचारते, आणि तिची धाकटी? तो म्हणतो, थांब, बघून सांगतो.