वॉरंटी आहे, पण कुठल्या देशात?

आजचा विषय खिशाशी संबंधित आहे. परदेशातून आणलेला कॉम्प्युटरचा पार्ट वॉरंटीत असताना बिघडला, तर तो परत कसा पाठवायचा? आणि मुळात पाठवावा का?

मी सॉफ्टवेअरवाला, पण नातेवाइकांच्या लेखी कॉम्प्युटरचं सगळंच मला येतं. त्यामुळे असे फोन मला नेहमी येतात. मागच्या लग्नसराईच्या तोंडावर कोल्हापूरहून मावसभावाचा आला. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दाजींनी अमेरिकेहून आणून दिलेलं ग्राफिक्स कार्ड आठव्या महिन्यात बंद पडलं होतं. वॉरंटी ३ वर्षांची. पण इथल्या सर्व्हिस सेंटरने सिरीयल नंबर तपासला आणि सांगितलं, "हे अमेरिकेचं आहे, आमच्याकडे होणार नाही." इकडे हातात ४ लग्नांचं काम आणि ॲडव्हान्स घेऊन झालेला.

आता, सर्व्हिस सेंटर खोटं बोलत नव्हतं. बऱ्याच पार्टची वॉरंटी जगभर चालत नाही, जिथे विकला तिथेच चालते. भारतात रीतसर आयात झालेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता छापणं २०११ च्या लीगल मेट्रोलॉजी नियमांनी बंधनकारक आहे. बॉक्स फिरवून ते लेबल शोधा. ते नसेल, तर वॉरंटीसाठी इथे कोणाचं दार ठोठवायचं हाच प्रश्न पडतो. लेबल आणि बिल दोन्ही असून कोणी टोलवत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

परदेशी पाठवायचंच ठरलं, तर आधी आरएमए नंबर घ्या. आरएमए म्हणजे माल परत पाठवायला कंपनीने दिलेली परवानगी. तो नंबर बॉक्सवर नसेल तर पार्सल दारातूनच परत फिरू शकतं. पाठवण्याआधी बिल, सिरीयल नंबर आणि चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पार्ट अँटी-स्टॅटिक पिशवीतच घाला. मदरबोर्ड असेल तर सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण लावा, कारण पिना वाकलेल्या दिसल्या की वॉरंटी नाकारतात. एसएसडी चालू होत असेल तर डेटा आधी पुसा. तुमची तीच एसएसडी परत येईल याची खात्री नसते. आणि लॅपटॉपची फुगलेली बॅटरी विमानाने पाठवताच येत नाही, तिचा नाद सोडा.

खरी मेख पुढे आहे, कस्टममध्ये. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू ठरलेल्या मुदतीत परत आली, तर पूर्ण किमतीवर ड्युटी लागत नाही. दुरुस्तीचा वाजवी खर्च, विमा आणि जाण्यायेण्याचं भाडं, एवढ्यावरच लागते. दुरुस्ती फुकट झाली तरी तो खर्च धरतात बरं का! पण अट अशी की तीच वस्तू परत यायला हवी, आणि ती दुरुस्तीसाठी गेली होती हे जातानाच्या कागदांवर दिसायला हवं. कंपन्या मात्र अनेकदा कार्ड दुरुस्त न करता बदलून देतात. सिरीयल नंबर बदलला, की ही सवलत हातची गेली. म्हणजे 'फुकट' बदलून मिळालेल्या कार्डावर तुम्ही पूर्ण किमतीचा कर भरताय.

हे सगळं कागदावर मांडल्यावर मावसभावाने कुरिअरचा विचार सोडला. आरएमए दाजींच्या नावाने काढला, कारण बिल त्यांचं आणि पत्ताही तिथला. कार्ड अमेरिकेला निघालेल्या एका नातेवाइकाच्या सामानातून गेलं. बदली कार्ड दाजींकडे आलं, ते दिवाळीत येताना आणतील. तोवर त्याने एका स्टुडिओचा पीसी रात्रीपुरता भाड्याने घेतला आणि चारही लग्नं वेळेत दिली. भाडं गेलं, झोप गेली, पण गिऱ्हाईक टिकलं.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. जाण्यायेण्याचं भाडं, कर आणि काम अडल्याने बुडणारे पैसे यांची बेरीज करा. ती इथल्या नव्या पार्टच्या किमतीच्या जवळ गेली, तर पाठवू नका. आणि परदेशातून कोणी "काय आणू?" विचारलं, तर किमतीच्या आधी वॉरंटीचं पान उघडून बघा, त्यात भारत आहे का. असेल तर खुशाल मागवा.

तुमचा एखादा पार्ट कुठे अडकलाय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!