ट्रॉली जोडली की डिझेल जातं कुठं?

आजचा एपिसोड इंजिनाचा आहे, पण घाबरू नका, इंजिन उघडणार नाही. फक्त हिशोब करायचाय.

यूट्यूबवर तुम्ही अमेरिकेतले व्हिडिओ बघितले असतील. मोठा पिकअप, मागं घराएवढा ट्रेलर, आणि माणूस रडतोय की ॲव्हरेज निम्म्यावर आलं. बऱ्याच जणांनी मला विचारलं, आपल्या बोलेरो पिकअपला ट्रेलर लावला तर काय होईल? सांगतो, पण शेवटी. कारण आमच्या खुटबावला ट्रेलर म्हटलं की पिकअप डोळ्यासमोर येतच नाही. ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस. दौंड तालुक्यात हंगाम सुरू झाला की पाटसचा भीमा, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, अशा कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्यांवर दुसरं काही दिसत नाही.

आणि या ॲव्हरेजवरून घरोघर भांडणं होतात. आमच्यातही झालं. तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला असतो. मी आठवडाभर पुण्यात कोड लिहितो आणि शनिवारी गावी येतो. एका शनिवारी तात्या तापलेले. "गेल्या आठवड्यात साडेतीन पडत होतं, आता अडीच! डिझेल काय ट्रॅक्टर एकटाच पितोय का?" ड्रायव्हर मामा समोर उभे, मान खाली. चोरी हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण तोच चालला होता. नऊ-दहा वर्षं घरचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस एका आकड्यावरून चोर ठरत असेल, तर तो आकडा आधी तपासायला नको?

मी वही घेऊन बसलो. तुम्हीही डोक्यात धरा. ट्रॅक्टर अडीच टन, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन, ऊस साडेसतरा टन. झाले चोवीस टन. चांगल्या डांबरी रस्त्यावर, टायरात हवा नीट असेल, तर दर टनामागं साधारण १५ किलोचा जोर ओढायला लागतो. चोवीस टनाला ३६० किलो. डिझेलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा ओढण्याच्या कामी येतो, बाकी उष्णता होऊन जातो. तो धरून लिटरला अडीच किलोमीटर येतात. रिकामं परत येताना सहाएक. कारखाना वीस किलोमीटरवर धरला तर जाताना ८ लिटर, येताना सव्वातीन. चाळीस किलोमीटरला सव्वाअकरा लिटर, म्हणजे साडेतीनचं ॲव्हरेज. तात्यांचा पहिला आठवडा बरोबर बसला.

आता दुसरा आठवडा. तोडणी सुरू होती ती रस्त्यापासून आत, कालव्याखालच्या रानात, आणि शेजारच्या वावराला पाणी सोडलेलं. ओल्या, भुसभुशीत रानात टनामागं १५ नाही, ८०-१०० किलो जोर लागतो. दोन्ही भरलेल्या ट्रॉल्या एकदम ओढायच्या तर १९०० किलोच्या वर. आणि अडीच टनाचा ट्रॅक्टर असल्या मातीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याएवढाच जोर लावू शकतो, पुढं चाक जागेवर फिरतं. हॉर्सपॉवर कितीही असू द्या, मातीला पकड नसेल तर ती पॉवर चिखल उडवण्यात जाते. म्हणूनच फडातून एकेक ट्रॉली काढतात, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर आणून टोचन लावतात. हे शास्त्र आपल्या ड्रायव्हर लोकांना पुस्तकाशिवाय पाठ आहे.

तर एकेक ट्रॉली बाहेर काढायची, चाक घसरतंय, मध्ये रिकामा हेलपाटा. माझ्या हिशोबानं फडातलं एक किलोमीटर डांबरीवरच्या आठ किलोमीटरएवढं डिझेल खातं. आणि गंमत अशी की मीटरवर ते एकच किलोमीटर दिसतं. वर हवा कमी असलेला टायर, घासणारा ब्रेक, ग्रीस संपलेलं बेअरिंग, यांनी १५ चे २० किलो झाले, की जातानाच्या ८ लिटरचे साडेदहाच्या वर जातात. आम्ही त्याच दिवशी मागच्या ट्रॉलीची चाकं हाताला लावून बघितली. एका बाजूचा ड्रम चांगलाच तापलेला होता.

तात्यांना मी एवढंच म्हणालो, "किलोमीटरचं ॲव्हरेज सोडा. पैसे टनावर मिळतात, मग डिझेल पण टनावर मोजा." कारण बघा, एकच ट्रॉली लावली तर ॲव्हरेज साडेपाचच्या घरात जातं, एकदम झकास! पण फेरीला सव्वासात लिटर जाऊन माल येतो पावणेनऊ टन. टनाला ८२० मिली. दोन ट्रॉल्यांना ॲव्हरेज साडेतीन, पण टनाला ६५० मिली. ॲव्हरेज पडलं आणि पैसे वाचले. आमच्या ऑफिसात पण असंच असतं, डॅशबोर्डवर चुकीचा आकडा मोठ्या अक्षरात लावला की सगळे त्याच्यामागं धावतात.

याचा अर्थ तिसरा थर चढवा असा नाही हां. चोवीस टन ओढता येतात म्हणजे थांबवता येतात असं नसतं. उतारावर मागची ट्रॉली पुढचीला रेटते. आणि रात्री सोलापूर रोडवर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. वाचलेलं डिझेल त्यापुढं काय.

आता वहीत रकाने बदललेत: लिटर, काट्याच्या पावतीवरचे टन, तास-मीटरचा आकडा, रान ओलं की कोरडं. एक रकाना मामांनी स्वतः सांगितला, कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन किती वेळ चालू होतं तो. रांग पुढं सरकते म्हणून बंद करता येत नाही, आणि नुसत्या चालू इंजिनाला तासाला लिटरभर तरी जातंच. तो आकडा तात्यांना आधी माहीतच नव्हता. चोरीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

बरं, पिकअप. तिथं खेळ वेगळा आहे. ट्रॅक्टर ताशी वीसनं जातो, त्याला हवा जवळजवळ लागतच नाही. पिकअप ऐंशीनं जातो आणि हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीचे साठ केले की तो ५६ टक्क्यांवर येतो. अमेरिकेतला तो माणूस रडतो ते वजनापेक्षा त्या उंच, चपट्या तोंडाच्या ट्रेलरमुळं. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. ती सुरक्षेसाठी आहे, पण डिझेलही वाचवते.

म्हणून तुम्ही पिकअपमागं काही लावणारच असाल, तर ते बुटकं ठेवा, ताडपत्री घट्ट बांधा, फडफडू देऊ नका, आणि साठच्या आत चाला. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, ते आधी आरटीओत विचारा. आणि मार्केट यार्डाला दीड टन भाजी न्यायची असेल तर ट्रेलर कशाला, पिकअपच्या हौद्यात बसते की! चला, भेटू पुढच्या एपिसोडला.