पेटीचा वरचा थर

आंब्याची पेटी घेताना जाणता माणूस वरच्या फळांवर भुलत नाही. पेंढा बाजूला करून तळाशी हात घालतो. वर मोठी, केशरी फळे आणि खाली लिंबाएवढी, हा बाजारातला जुना खेळ. तोच खेळ संगणकाच्या पडद्यावरही चालतो, हे मला भाच्यामुळे कळले.

भाच्याचा रत्नागिरीजवळ आंब्याचा धंदा आहे. त्याने वेबसाइट काढली तेव्हा म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही कविता करता. बागेबद्दल थोडं लिहून द्या ना.’’ मी लिहिले. कलमे कोणी लावली, मोहोर कधी येतो, अढी कशी घालतात, असे साधेच. मग एक ‘तज्ज्ञ’ भेटले. ‘‘गूगलवर पहिला नंबर, महिन्याभरात, हमखास!’’ वीस हजार रुपये ठरले.

त्यांनी काय केले? माझ्या मजकुरातली अढी काढली. ‘‘हा शब्द कोण शोधतो?’’ म्हणाले. तिच्या जागी ‘अस्सल हापूस, स्वस्त हापूस, हापूस ऑनलाइन’ असे शब्द ओळीओळीत कोंबले. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेच शंभर वेळा. माणसाला दिसू नये, यंत्राने मात्र मोजावे! पुणे, नाशिक, नागपूर अशी शहरागणिक वेगळी पाने केली. मजकूर एकच, गावाचे नाव तेवढे बदललेले. शेवटी कुठल्या कुठल्या वेबसाइटवर पैसे देऊन दुवे लावून घेतले. टायर विकणाराही आमच्या आंब्याची शिफारस करू लागला.

या शिफारशीचे महत्त्व असे. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998मध्ये गूगल सुरू केले, त्यामागचे सूत्र हेच होते, की ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवतात ते पान मोलाचे. साहजिकच बोटे विकत मिळू लागली. कार्बाइड लावून पिकवलेल्या आंब्यासारखेच हे. वरून पिवळा, आत आंबट.

भाच्याची वेबसाइट काही आठवडे वर चढली. आणि एप्रिलच्या तोंडावर गडप झाली. बागेचे नाव घालून शोधले तरी सापडेना. घरात पेट्या भरलेल्या आणि फोन मुका. आंबा काही थांबत नाही. शेवटी वाशीच्या बाजारात दलाल म्हणेल त्या भावाने माल गेला. त्या रात्री भाचा जेवला नाही.

मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. 2006च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन वेबसाइट गूगलने काढून टाकली होती. यंत्रासाठी शब्दांनी भरलेली पाने वेगळी आणि गिऱ्हाइकाला दिसणारी वेगळी, हे कारण. ती पाने हटवल्यावरच तिला परत घेतले. 2011मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे दुव्यांचे प्रकरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले आणि तिची पाने शोधात धडाधड खाली घसरली. 2012पासून असे दुवे पकडण्याची सोय यंत्रातच झाली. 2024च्या मार्चमध्ये आणखी एक नियम आला. केवळ क्रमांकासाठी घाऊक पाडलेली निरुपयोगी पाने माणसाने लिहिलेली असोत वा यंत्राने, ती चालणार नाहीत.

आम्हांला शिक्षा का झाली, याचा खुलासा ‘गूगल सर्च कन्सोल’ या मोफत सोयीत आलेला होता. पण तिची किल्ली तज्ज्ञांकडे! ती मिळवली, लपवलेला मजकूर आणि जुळी पाने काढली, विकतचे दुवे उतरवायला लावले, फेरविचाराचा अर्ज केला. अर्ज मंजूर झाला तेव्हा पाऊस सुरू झाला होता.

म्हणून ज्यांची छोटीमोठी वेबसाइट आहे त्यांना माझे सांगणे आहे. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तशी हमी कोणालाच देता येत नाही, असे गूगल स्वतः सांगते. वेबसाइटच्या किल्ल्या आपल्या हाती ठेवा. गिऱ्हाइकाला दाखवायची लाज वाटेल असे काही यंत्रासाठी लिहू नका. दुसऱ्याचा मजकूर उचलू नका. खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नका.

कवितेत मात्रा जुळवायला भरतीचा शब्द घालण्याचा मोह मलाही होतो. ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो आणि मग चांगल्या ओळीवरचाही त्याचा विश्वास उडतो. धंद्यात तर सारी भिस्त विश्वासावरच असते.

पुढच्या मोसमाआधी भाच्याने माझा जुना मजकूर पुन्हा लावला. भाव, फळाचे वजन, पेटी निघण्याची तारीख, सारे स्वच्छ लिहिले. एप्रिलमध्ये नागपूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या आजी अढीतल्या आंब्यांची आठवण काढत होत्या, म्हणून त्यांनी गूगलवर ‘अढी’ हाच शब्द घालून पाहिला होता.

दोन पेट्या गेल्या. खालचा थर भाच्याने स्वतः लावला.