बालगंधर्व पाडू नका, दुरुस्त करा

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाला लागून बालगंधर्व रंगमंदिर आहे. २०१८ साली या वास्तूला पन्नास वर्षं झाली आणि त्याच वर्षी महापालिकेच्या अंदाजपत्रकात तिच्या पुनर्विकासाची कल्पना आली. जुनी इमारत पाडायची आणि तिथे एकापेक्षा अधिक नाट्यगृहांचं मोठं संकुल उभारायचं. तेव्हापासून हा विषय मधूनमधून डोकं वर काढतो आणि दर वेळी रंगकर्मी नि प्रेक्षक विरोधाला उभे राहतात. मी त्यांच्यातलाच एक.

या विरोधाला जुन्या आठवणींचा उमाळा म्हणून बाजूला सारलं जातं. ते बरोबर नाही. ही वास्तू उभी कशी राहिली ते आठवा. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते तिचं भूमिपूजन झालं. पाय अधू झालेले, वय चौऱ्याहत्तर. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, ती खुली झाली. पण ते पाहायला बालगंधर्व नव्हते, आदल्याच वर्षी ते गेले होते. बांधकाम चालू असताना पु. ल. देशपांडे यांनी आराखड्यात बारकाईनं लक्ष घातलं. म्हणजे नाटक करणाऱ्या माणसाचं मत घेऊन शहरानं आपल्या पैशांनी नाट्यगृह बांधलं. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची चित्रं तिथे आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. त्यांना दुसरीकडे टांगता येईल, पण ती काढली गेली ती याच घरासाठी.

गैरसोयी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. स्वच्छतागृहांबद्दल, वातानुकूलनाबद्दल, रंगपटांच्या अवस्थेबद्दल कलाकार वर्षानुवर्षं तक्रारी करत आले. काही कलावंतांना म्हणूनच नवं संकुल हवंसं वाटतं, आणि त्यांचा त्रास खरा आहे. पण नळ गळतो, आसनं फाटतात, याला उपाय दुरुस्ती हा असतो. देखभाल करायची नाही, मग दुरवस्था दाखवायची आणि तिच्याच जोरावर पाडकाम मागायचं, हा क्रम मला अजिबात मान्य नाही.

आणि पाडल्यावर काय? इथे नाटकांबरोबर लावणीचे कार्यक्रम होतात, ऑर्केस्ट्रा होतात, कलादालनात प्रदर्शनं भरतात. पुण्यात बालगंधर्वची तारीख मिळवण्यासाठी संस्था धडपडतात. हे दार काही वर्षं बंद राहिलं तर त्या तारखा कुठे जाणार? निर्माता एखाद वेळी कोथरूडच्या नाट्यगृहात किंवा दुसऱ्या शहरात जाईल. पण नेपथ्य लावणारा, प्रकाशयोजनेचं सामान उचलणारा, कपडेपटाला इस्त्री करणारा कामगार प्रयोगागणिक पैसे घेतो. प्रयोग नाही तर त्या दिवशी पैसे नाहीत. नव्या संकुलाचं भाडं हौशी संस्थेला परवडेल का, हेही आजच विचारायला हवं.

मागणी साधी आहे. इमारत धोकादायक आहे असं म्हणणं असेल, तर तपासणीचा अहवाल लोकांपुढे ठेवा. नसेल, तर टप्प्याटप्प्यानं दुरुस्ती करा, प्रयोग कमीत कमी बंद ठेवून. नाट्यगृहं वाढवायची असतील तर वाढवाच. शहर चहूबाजूंनी पसरलंय, नव्या उपनगरांना ती हवीच आहेत. बालगंधर्वच्या जागेवरच ती सगळी का हवीत, याचं उत्तर महापालिकेनं द्यावं.