पोचा थांबेल, उघडा पत्रा थांबणार नाही

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाकक्रिया, भरतकाम, बालसंगोपन यांवर पुष्कळ बोलणे झाले. चिटणीसबाईंनी मला ‘गाडीला लहानसा पोचा आला, रंग खरवडला, तर काय करावे’ हा विषय दिला तेव्हा काहीजणी हसल्या. पण आता कितीतरी घरांच्या दारात स्कूटर नाहीतर मोटार उभी असते, आणि ती चालवणाऱ्यांत आपल्या लेकी-सुना आहेत. मी सातवी शिकलेली बाई. माझ्या भावाचे गॅरेज आहे. तेथे जे पाहिले आणि स्वतःच्या हातांनी केले, तेवढेच सांगते.

पितळेच्या पातेल्याला पोचा आला तरी आमटी त्यात शिजतेच. कल्हई उडाली, तर मात्र त्यात ताक ठेवता येत नाही, ते कळकते. गाडीचेही तसेच आहे. नुसता पोचा वर्षभर राहिला तरी दिसण्यापलीकडे काही बिघडत नाही. पण रंग जाऊन पत्रा उघडा पडला, तर आपल्या कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत तो लवकर गंजतो, आणि गंज रंगाच्या खालून पसरत जातो. म्हणून पोचा केवढा आहे हे मागाहून पाहावे, आधी ‘कल्हई’ उडाली का ते पाहावे.

पहिले काम म्हणजे ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत कोरडी करणे. पुष्कळदा जो ओरखडा वाटतो तो दुसऱ्या गाडीचा किंवा भिंतीचा लागलेला रंग असतो. मऊ फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने चोळले की तो निघून जातो. भांड्यांची घासणी मात्र चुकूनही लावू नये. एका रेघेच्या जागी शंभर रेघा उठतात.

रेघ राहिलीच, तर तिच्यावरून आडवे नख फिरवावे. मोटारीच्या पत्र्यावर आधी अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण असते. नख अडकले नाही, तर बहुधा वरचे रोगणच खरवडले आहे; पॉलिशने काम भागते. नख अडकले, तर घाव खोल आहे. आत करडे दिसले तर ते अस्तर, चकचकीत किंवा तांबूस दिसले तर पत्रा. पत्रा दिसला की पावसाळ्याची वाट पाहू नये.

मागे आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीला एक हातगाडी घासून गेली आणि दाराचा बोटभर पत्रा उघडा पडला. भावाला विचारून ते काम मी घरीच केले. भोवती कागदी पट्टी चिकटवली. ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने गंज निघून पत्रा चमकेपर्यंत कोरडेच घासले. (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक.) पुसून अस्तराचा एक पातळ हात दिला. तो वाळल्यावर १००० नंबरचा कागद पाण्यात भिजवून अलगद फिरवला आणि जागा पूर्ण सुकू दिली. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा, आणि शेवटी रोगण. रंग नुसता ‘लाल’ म्हणून आणू नये. कंपनीचा रंगाचा नंबर बहुधा दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली चिकटवलेला असतो, तो सांगून आणावा. आमचे काम जवळून पाहिले तर जोड दिसतो, पण त्यानंतर तीन पावसाळे गेले, गंज आलेला नाही.

आता पोचा. आधी फ्रिजवरचे लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले तर लोखंडी पत्रा, न चिकटले तर बहुधा प्लॅस्टिक. प्लॅस्टिकचा बंपर आत दबला असेल, तर त्यावर कढत पाणी ओतून आतून दाबल्यास पुष्कळदा तो पूर्ववत होतो. हातमोजे घालावेत आणि मुलांना लांब ठेवावे. पत्र्याला हा उपाय चालत नाही. पत्र्याचा उथळ पोचा, रंग शाबूत असेल तर, आतून सळई घालून रंग न बिघडवता काढणारे कारागीर असतात. घडी पडली असेल किंवा रंग तडकला असेल, तर ठोकून लांबी भरावी लागते. तेव्हा गंज पुरता काढला का, हे समोर उभे राहून पाहावे. गंजावर भरलेली लांबी पुढे फुगून सुटते.

विम्याचे गणितही आधी मांडावे. वर्षभर भरपाई मागितली नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीपुरत्या हप्त्यात पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते, आणि सलग पाच वर्षे न मागितल्यास ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर एकदा मागितली की सूट जाते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला दर वेळी पहिले १००० रुपये आपल्यालाच सोसावे लागतात. लहान कामाला विमा महागात पडतो तो असा. मात्र दार लागत नसेल, चाक घासत असेल, दिवा फुटला असेल, तर घरगुती उपाय नकोत; गाडी गॅरेजात न्यावी. आणि माणसाला इजा झाली असेल, तर आधी माणूस पाहावा, गाडी मागाहून.

भगिनींनो, मला खरे सांगायचे आहे ते पुढेच. पुरुषाच्या हातून ओरखडा आला तर घरात ‘चालायचेच’ म्हणतात. सुनेच्या हातून आला तर ‘तरी मी सांगत होतो’ म्हणतात. त्या एका वाक्यापायी कितीतरी जणींचे लायसन कपाटात पडून आहे. पुढे रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की दारात गाडी असून रिक्षा शोधावी लागते. पत्र्याचा पोचा निघतो, रंग पुन्हा देता येतो. मनातली भीती मात्र वेळीच काढली नाही, तर ती गंजासारखी आतून पसरते. म्हणून उद्या सुनेने गाडीला ओरखडा आणला, तर आपण सासवांनी आधी ‘तुला लागले नाही ना?’ असे विचारावे, मग नख फिरवून पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा तिच्याच हाती द्यावी.