हाड जुळलं, पण गाडीची चावी हातात घेववत नाही

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकताना आकडे लिहून घेता येत नाहीत, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून ते इथे नीट दिलेत.)

कानात हेडफोन घालून गाडी चालवत असाल, तर आधी थांबा. एपिसोड कुठे पळून जात नाही. बसमध्ये, लोकलमध्ये, घरी असाल तर चला, सुरू करू.

आजचा विषय आहे अपघातानंतर मनाचं काय होतं आणि भरपाई मागताना त्या मनाचा हिशोब कुठे लागतो. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो, नाशिकजवळ एकलहऱ्यात राहतो. पण गेलं दीड वर्ष माझ्या मावसभावाच्या अपघाताच्या दाव्याची फाइल माझ्याकडे आहे. त्यात जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं, ते आज सांगतो.

आधी एक तारीख. ८ ऑक्टोबर २०२२, शनिवार. यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस पहाटे नाशिकच्या औरंगाबाद रोडवर, मिरची हॉटेलच्या चौकात, एका अवजड वाहनावर आदळली आणि पेटली. किमान १२ माणसं गेली. काही जण काचा फोडून, उड्या मारून वाचले. पंतप्रधान मदत निधीतून मृतांच्या नातेवाइकांना २ लाख आणि जखमींना ५० हजार जाहीर झाले, राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबांना ५ लाख जाहीर केले. दोन-तीन दिवस बातम्या चालल्या, मग थांबल्या.

आता विचार करा, खिडकीतून उडी मारून वाचलेल्या माणसाचं पुढे काय झालं असेल? खरचटलं, थोडं भाजलं, ड्रेसिंग झालं, घरी गेला. पेपरात तो 'किरकोळ जखमी'. त्यानंतर त्याला कधी स्लीपर बसमध्ये झोप लागली का, हे विचारायला कोण जाणार?

त्या अपघातानंतर दोनच दिवसांनी, १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन सुरू झाली. नंबर १४४१६. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, तारखा फक्त जवळ आल्या. पण नंबर आत्ताच सेव्ह करा, शेवटपर्यंत थांबू नका.

मनाला नेमकं काय होतं

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. हे सरकारी आकडे. यातल्या सगळ्यांनाच पुढे मानसिक त्रास होतो असं नाही. पहिले काही दिवस दचकणं, झोप उडणं, रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमीही होतं. काहींचं मात्र महिना उलटला तरी कमी होत नाही. तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहतो, स्वप्नात येतो. माणूस तो रस्ता टाळतो, गाडी टाळतो, विषय टाळतो. स्वभाव चिडका होतो, नाहीतर एकदम गप्प. हॉर्न वाजला की अंग ताठ. महिन्यानंतरही हे सगळं चालू राहिलं आणि रोजचं आयुष्य अडायला लागलं, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात.

हे आजकालच्या पोरांचं फॅड आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना १८६५ सालची गोष्ट सांगा. इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्टला रेल्वेचा मोठा अपघात झाला. त्या गाडीत लेखक चार्ल्स डिकन्स होता. त्याला स्वतःला मोठी इजा झाली नाही, उलट त्याने जखमींना मदत केली. पण त्यानंतर रेल्वेप्रवासाची धास्ती त्याच्या मनातून गेली नाही. पुढच्याच वर्षी एरिक्सन नावाच्या लंडनच्या सर्जनने रेल्वे अपघातातल्या अशा रुग्णांवर पुस्तक लिहिलं. वरून धडधाकट, आतून खचलेले. त्याचं म्हणणं, धक्क्याने पाठीच्या कण्याला इजा होते. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या दुसऱ्या सर्जनने उलट मांडलं की बऱ्याच जणांना इजा कण्याची नसून भीतीची असते. हा पेज रेल्वे कंपनीचा सर्जन होता. म्हणजे 'जखम दिसत नाही, मग पैसे कशाचे?' हा वाद भरपाईच्या दाव्यांइतकाच जुना आहे. गंमत अशी की भीतीसुद्धा माणसाला आजारी पाडते, हे मान्य करायची वेळ त्याच वादातून आली.

दादाची गोष्ट

माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, वय ३४. स्वतःची ईको. सकाळी शाळेची पोरं, मग शिफ्टचे कामगार, संध्याकाळी पुन्हा पोरं. दीड वर्षापूर्वी सिन्नर फाट्याकडून एकलहऱ्याकडे येताना समोरून ओव्हरटेक करत आलेल्या पिकअपने त्याला ठोकलं. डाव्या पायाची नडगी मोडली, रॉड बसला. गाडीत तो एकटाच होता. शेवटचं पोर दहा मिनिटांपूर्वी उतरलं होतं.

ही दहा मिनिटंच त्याला सोडत नाहीत. पायाबद्दल तो फार बोलत नाही. मागची सीट, पोरांच्या बाटल्या, 'आज उशीर झाला असता तर', हेच डोक्यात. सहा महिन्यांनी काठी सुटली, एक्स-रे छान आला. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी राहिली. दादा रोज सकाळी ती पुसायचा, पण चावी हातात घेववत नव्हती. मावशीने दृष्ट काढली, नारळ वाढवला. शेजारपाजारचे म्हणाले, "जीव वाचला ना, मग झालं." डिस्चार्ज कार्डावर हाडाच्या तपासणीची तारीख होती, मनाबद्दल एक ओळ नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचेपर्यंत सात महिने गेले. तिथे नाव मिळालं, गोळ्या आणि थेरपी सुरू झाली.

आणि मग तडजोडीच्या बोलणीत समोरून वाक्य आलं, "हाड जुळलंय, चालतात की ते. मग गाडी चालवायला काय झालं?" दादा त्यावर काही बोलला नाही. बाहेर येऊन म्हणाला, "जाऊ दे रे, आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागलंय मला." पैसे कमी मिळतील यापेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं. अपघाताने एकदा मोडलेल्या माणसाला स्वतःचं दुःख सिद्ध करायला लावलं, की त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडायला लागतो.

कायदा काय म्हणतो

म्हणून मी निकाल वाचायला घेतले. तिथे जे सापडलं ते दादाला मोठ्याने वाचून दाखवलं.

सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा हट्टंगडी खटला. मुंबईत वकिली करणारे गृहस्थ, अपघाताने कमरेखालचं शरीर निकामी झालेलं. कोर्टाने सांगितलं की भरपाई फक्त बिलं आणि बुडालेली कमाई यांची नसते. मानसिक आणि शारीरिक धक्का, वेदना, आयुष्यातला हुकलेला आनंद, निराशा, वैफल्य, मनावरचा ताण, हेसुद्धा त्यात धरायचं. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालातही वेदना आणि मानसिक आघात हे स्वतंत्र कलम आहे. म्हणजे मागणारा लबाड नाही. तो कायद्यातच लिहिलेली गोष्ट मागतोय.

राजकुमार निकालातला दुसरा मुद्दा तर माझ्यासारख्या आकडेवाल्या माणसासाठी सोन्यासारखा आहे. डॉक्टरने दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईवर झालेला परिणाम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेला तर ड्रायव्हरची कमाई जवळजवळ संपते, टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाची कदाचित चालू राहते. मग हिशोब असा करतात. समजा महिना कमाई २२,००० रुपये, वय ३४, स्वतःचा धंदा. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जोडा, झाले ३०,८००. वर्षाचे ३,६९,६००. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६, म्हणजे ५९,१३,६००. आता याला कमाईच्या नुकसानीची टक्केवारी लावा. फक्त पाय बघून १० टक्के धरले तर ५,९१,३६० रुपये. ड्रायव्हरला गाडीच चालवता येत नाही हे ध्यानात घेऊन ४० टक्के धरले तर २३,६५,४४०. टक्केवारी मी उदाहरणापुरती घेतली आहे, पण फरक बघा. मन कागदावर आलं की नाही, यावर एवढं अवलंबून असतं.

अर्थात, कायद्याचा फॉर्म्युला सगळीकडे माणसाला पुरतो असं नाही. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या सहवासाला मुकल्याबद्दल २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने ४०,००० रुपये ठरवले, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. २०२३ च्या वाढीनंतर ते ४८,४०० होतात. चांगला फोन याहून महाग येतो. कोर्टालाही माहीत आहे की ही दुःखाची किंमत नाही, पण कुठेतरी आकडा ठेवावा लागतो.

मग करायचं काय

आमच्या फील्डमध्ये एक नियम आहे. ज्याचा लॉग नाही, तो बग मॅनेजरसाठी घडलेलाच नसतो. इथेही तसंच.

एक. महिनाभरात झोप, भीती, चिडचिड कमी झाली नाही तर डॉक्टरला दाखवा. आधी बरं होण्यासाठी. कागद त्याच्या मागून आपोआप तयार होतो. ट्रॉमासाठीची सीबीटी, ईएमडीआर अशा थेरपी उपयोगी पडतात आणि बरीच माणसं बरी होतात. डॉक्टरांना कामाबद्दल स्पष्ट सांगा आणि 'गाडी चालवू शकत नाहीत' हे केसपेपरवर तारखेसह लिहायला सांगा.

दोन. साधी वही ठेवा. आज किती झोप लागली, कुठे जायचं टाळलं, कामाचा किती दिवस खाडा झाला. घटना कशी घडली तेही लवकर लिहून काढा. आघातात आठवणी तुकड्यातुकड्यांत राहतात आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत तपशील मागेपुढे होतात. तो खोटेपणा नसतो, पण तसा दाखवला जातो.

तीन. सरकारी मदत आणि भरपाई यांत गल्लत करू नका. मंत्र्यांनी जाहीर केलेली रक्कम ही सानुग्रह मदत. हक्काची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागायची असते, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली. अपघात कुठेही होवो, तुम्ही राहता त्या भागातही दावा करता येतो. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. त्यांच्या प्रती मागून घ्या.

चार. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की तूर्तास केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नका. तरी त्या भरवशावर बसू नका. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर वेगळी योजना आहे. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर जखमेसाठी ५० हजार, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

पाच. दवाखान्याच्या दारात कार्ड घेऊन येणाऱ्याच्या कोऱ्या कागदावर सही करू नका. मिळणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवायला वकिलांना त्यांच्याच नियमांनी मनाई आहे. महिलांना उत्पन्न कितीही असो, आणि अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कमी उत्पन्नवाले यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

सहावी गोष्ट घरच्यांसाठी. "जीव वाचला ना" हे आपण धीर द्यायला म्हणतो, पण ऐकणाऱ्याला ते 'आता विषय बंद' असं ऐकू येतं. त्यापेक्षा "रात्री झोप लागली का?" एवढं विचारा. कोर्टाच्या तारखेला त्याच्यासोबत जा. तारखेच्या आदल्या रात्री त्रास वाढतो, हे आमच्या घरी दर वेळी दिसलं.

दादाचा दावा अजून चालू आहे. लोकअदालतीत आलेला आकडा त्याने घेतला नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञांचे कागद दाखल केले. उशीर का झाला, हा प्रश्न विचारला जाणार, आणि उत्तर खरं आहे तेच देणार. सध्या त्याने ईकोवर ड्रायव्हर ठेवलाय. मागच्या महिन्यापासून स्वतः शेजारच्या सीटवर बसून सिन्नर फाट्यापर्यंत जातो. येताना डोळे मिटून घेतो म्हणे, पण जातो.

कुणी गाडी न चालवणारा काका, बसमध्ये पुढच्या सीटवर न बसणारी मैत्रीण तुमच्या ओळखीत असेल, तर हा एपिसोड त्यांना पाठवण्याआधी एकदा फोन करून नुसतं बोला. टेलि-मानसचा नंबर पुन्हा सांगतो, १४४१६. पुढच्या एपिसोडमध्ये गाडीच्या विमा पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचू. तोवर हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा. भेटू!